विरजणाचे आभार

लग्न झाल्यापासून वालफ्रिदनं घरातला एक कपही विसळला नव्हता, आणि नेमकं जेव्हा विसळायचं मनावर घेतलं तेव्हा त्यानं घराचं विरजणच धुऊन टाकलं.

हेतू वाईट नव्हता बिचाऱ्याचा. टेक्ला पित्ताचे खडे काढायला शहरातल्या दवाखान्यात गेली होती आणि घरात हा एकटा. आयुष्यभर नदीतून ओंडके वाहून नेण्याचं काम केलेला माणूस, हाताला काही नसलं की कासावीस व्हायचा. बायको दुपारच्या बसनं येणार हे कळल्यावर त्यानं सकाळी मोठ्या हंड्यात पाणी उकळलं, त्यात मूठमूठ सोडा टाकला आणि दिसेल ते भांडं घासलं. तांब्याची किटली घासली, खिडकीच्या काचा घासल्या, कोठीच्या खोलीतले लाकडी वाडगे तर असे खरवडले की त्यांचा रंगच बदलला. मग सगळं कुंपणाच्या खुंट्यांवर पालथं घालून तो वेशीवर बसची वाट बघत उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

टेक्लानं अंगण पाहिलं आणि तिला भरून आलं. दवाखान्यात पोटावरच्या टाक्यांपेक्षा तिला त्याचीच काळजी जास्त होती. ती काही बोलली नाही, आमच्याकडे कोणी बोलत नाही, पण त्याच्या कोटाच्या बाहीवरून तिनं एकदा हात फिरवला. मग घरात जाऊन सवयीनं कोठीच्या खोलीत डोकावली. फळीच्या कोपऱ्यात, खिडकीपासून लांब, जिथे एक छोटा वाडगा फडक्याखाली कायम झाकलेला असायचा, तिथे ओल्या लाकडाचं एक वर्तुळ तेवढं उरलं होतं.

"त्या कोपऱ्यातल्या वाडग्यात काही होतं का?" तिनं विचारलं.

"होतं काहीतरी जुनं. आंबलेलं. मांजराला घातलं," वालफ्रिद म्हणाला. मग जरा लाजत म्हणाला, "आज तारेचं दही लावशील ना? तू नव्हतीस तर नुसत्या बटाट्यांवर काढलं मी."

दूध ठेवलं की त्याचं दही होतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. साठी ओलांडलेल्या माणसाला आता काय सांगायचं? त्याच्या तळव्यांची सोड्यानं सालं निघाली होती. टेक्ला म्हणाली, "लावते," आणि कोठीचं दार लोटून घेतलं.

तारेचं दही म्हणजे लाँगविक गावाचा जीव की प्राण. चमचा उचलला की वाडग्यापासून तोंडापर्यंत तार सुटली पाहिजे, न तुटता, तर ते खरं. सातूच्या पातळ कडक भाकरीचा चुरा वर टाकायचा, लिंगोनची आंबट लाल फळं टाकायची, झालं संध्याकाळचं जेवण. त्याचं विरजण काही बाजारात मिळत नसे. ते एका घरातून दुसऱ्या घरात जायचं, सुनेबरोबर, लेकीबरोबर, आणि ज्या घरातून गेलं तिथली चव त्याला कायमची लागून राहायची. वालफ्रिदच्या घरचं विरजण त्याच्या आईचं, तिच्या सासूचं, त्याच्या मागचं कोणाला माहीत नाही. गावात तेच सगळ्यांत चांगलं, असं टेक्ला कधी म्हणाली नव्हती. पण कोणी म्हटलं तर तिनं अडवलंही नव्हतं.

आता गावात उरलं होतं कोण? डेअरीचा ट्रक दारोदार येऊन दुधाच्या कॅन उचलून न्यायला लागला, दुकानात तिकोनी कागदी पुड्यातलं आंबट दूध यायला लागलं, आणि एकेका घरातलं विरजण कधी मेलं ते त्या घरालाही कळलं नाही. पोरं दक्षिणेला कारखान्यांत गेली. गोठे रिकामे झाले, टेक्लाच्या गोठ्यात एक गाय तेवढी उरली. सासूच्या हातचं विरजण या पृथ्वीवर आता एकाच घरी होतं, आणि ते घर टेक्लाला तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. खाडीसारख्या आत वळलेल्या तळ्याच्या पल्याड, लाल रंगाचं, पांढऱ्या चौकटींचं. तिथे तिची नणंद एडला राहायची. आणि एडलाशी टेक्ला अकरा वर्षांत एक शब्द बोलली नव्हती.

भांडणाचं कारण बाहेरगावच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. आमच्याकडचं कोणी हसणार नाही. आमच्याकडे पाहुण्याला कॉफी विचारली की तो नको म्हणतो. दुसऱ्यांदा विचारली की तो खरंच नको म्हणतो. तिसऱ्यांदा विचारली की मग थोडीशी म्हणतो आणि तीन कप पितो. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा माणूस अधाशी, आणि तिसऱ्यांदा न विचारणारी बाई म्हणजे तिनं पाहुण्याला दार दाखवलं. सासूच्या अंत्यविधीच्या दिवशी बैठकीच्या खोलीत सगळा गाव बसला होता, पाद्री बसला होता, आणि टेक्ला किटली घेऊन फिरत होती. एडलाला तिनं विचारलं, एडला नको म्हणाली. पुन्हा विचारलं, एडला पुन्हा नको म्हणाली. आणि टेक्ला पुढच्या माणसाकडे वळली. एडला आपल्या माहेरी, आपल्या आईच्या अंत्यविधीला, रिकामा कप मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसली. मग कप टेबलावर ठेवून निघून गेली, ती परत या उंबऱ्याला शिवली नाही.

वालफ्रिद दर उन्हाळ्यात बहिणीचं गवत कापून द्यायचा, पण अंगणातूनच परतायचा. बायकांच्या मध्ये तो पडला नाही. दोघी मात्र रोज सकाळी खिडकीतून एकमेकींच्या धुराड्याकडे बघायच्या. पलीकडे धूर दिसला की टेक्लाला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं याचा मग दिवसभर राग यायचा.

त्या रात्री टेक्लानं वालफ्रिदला सांगितलं की दही बिघडलं, जाताना तिनंच नीट झाकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानातला कागदी पुडा आणला. वालफ्रिदनं त्यावर भाकरी चुरली, दोन चमचे खाल्ले, तिसरा चमचा उचलून तार सुटते का ते पाहिलं आणि सुटली नाही तेव्हा म्हणाला, "चालतंय की." मग वाडगा अर्धा टाकून उठला. तिसऱ्या दिवशीही तो चालतंय म्हणाला. त्याच्या या चालतंयनं टेक्लाचा जीव खाल्ला. त्यानं आदळआपट केली असती तर तिला सोपं गेलं असतं.

त्यात बसचा ड्रायव्हर हेल्मर, ज्याला गावातल्या प्रत्येक चुलीवर काय शिजतंय ते माहीत असायचं, दुकानाशी गाडी थांबवून म्हणाला की सप्टेंबरअखेरच्या मिकेलमासच्या सणाआधी एडलाची गाय मायरोस जाणार. गुडघे गेले एडलाचे, धार काढायला बसवत नाही. कसायाचा ट्रक ठरलाय. टेक्ला हातातला पुडा तसाच धरून उभी राहिली. गाय गेली की दूध गेलं, दूध गेलं की विरजण गेलं. म्हणजे आत्ता मागितलं तर मागितलं, नाहीतर सासूची चव वालफ्रिदच्या जिभेवरून कायमची गेली, आणि ती जाण्याला कारण आपला मान. तिला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून पाय लगेच उचलतात असं थोडंच असतं? ती घरी आली, बटाटे काढले, वाफ्यातली माती झाडली, पुन्हा हात धुतले, आणि कोठीतून रिकामा वाडगा घेऊन त्यावर स्वच्छ फडकं टाकलं.

फडक्याखाली रिकामा वाडगा घेऊन बाई रस्त्यानं निघाली की गावात कोणी विचारत नसे कुठे चाललीस. विरजण तोंडानं मागायचं नसतं. वाडगा मांडीवर ठेवून बसायचं, समोरचीला दिसतं. आणि मिळाल्यावर आभार मानायचे नसतात. आभार मानले की विरजण मरतं. का ते विचारू नका. माझ्या आजीनं मानले नाहीत, आईनं मानले नाहीत, आणि त्यांचं दही कधी बिघडलं नाही.

एडलाच्या दाराला कडी नव्हती. टेक्ला आत शिरली आणि दाराजवळच्या बाकावर बसली, जिथे अनोळखी माणसं, फेरीवाले आणि देणगी मागणारे बसतात. चुलीपाशी एडला पाठमोरी उभी होती. केस पांढरे झाले होते तिचे, हे टेक्लाला खिडकीतून कधी दिसलं नव्हतं.

"टेक्ला आली वाटतं," एडला वळून म्हणाली. तू नाही, तुम्ही नाही. शहरातून आलेल्या विमा एजंटशी बोलावं तसं.

"आले," टेक्ला म्हणाली. "पहाटे दहिवर गोठलं होतं."

"बटाट्यांच्या पाल्यावर पडलं असेल."

"पडलं."

 भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. एडलाची नजर वाडग्यावर गेली आणि परत चुलीकडे वळली. तिला कळलं होतं, पण तिनं ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"कॉफी घेईल का टेक्ला?"

"नको, नको. आत्ताच घेऊन निघालेय." सकाळपासून टेक्लाच्या पोटात पाणीसुद्धा गेलं नव्हतं.

एडलानं चुलीत एक लाकूड सारलं. "अर्धा कप तरी?"

"खरंच नको. उगाच त्रास."

एडला खिडकीशी गेली. जिरेनियमच्या कुंडीतलं एक वाळकं पान खुडलं. परत आली, चुलीचं दार उघडून आत बघितलं, लावलं. किटलीतून वास सुटला होता. टेक्ला बाकावर अंग आखडून बसली. आता ही विचारणार नाही, तिच्या मनात आलं. का विचारावं? मी विचारलं होतं? दुसऱ्या नको आणि तिसऱ्या विचारण्याच्या मधली जागा एवढी मोठी असते, हे तिला पहिल्यांदाच समजत होतं. ती सगळी जागा तिला एडलाच्या वाट्याला आलेली दिसत होती.

"केलेली कॉफी आहे," एडला तिच्याकडे न बघता म्हणाली. "टेक्लानं नाही घेतली तर ओतून द्यावी लागेल."

"मग थोडीशी," टेक्ला म्हणाली.

दोघींनी कॉफी बशीत ओतली, दातांत साखरेचा खडा धरला आणि फुर्रकन प्यायली. एडलानं कॉफीत टाकायला चीजचे तुकडे पुढे केले. दुसरा कप झाला, तिसरा झाला. एडलानं विचारलं नाही की वाडगा रिकामा का. फक्त म्हणाली, "दवाखान्यात होती म्हणे टेक्ला. धूर उशिरा निघायचा त्या दिवसांत. तोही काळा. ओली लाकडं घालत असणार तो." म्हणजे हीसुद्धा खिडकीतून बघत होती. टेक्लानं ओठांमधून हवा आत ओढली. आमच्याकडे यालाच हो म्हणतात.

मग एडला उठली, मांडीवरचा वाडगा न विचारता उचलला, तळघराच्या पायऱ्या गुडघा धरत उतरली आणि तशीच चढून आली. फडकं नीट झाकलं होतं. वाडगा तिनं टेक्लाच्या हातात दिला.

"आभारी आहे," टेक्ला म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि दोघी जागच्या जागी थिजल्या. दवाखान्यात उशी दिली की आभारी आहे, पाणी दिलं की आभारी आहे, थर्मामीटर काढला तरी आभारी आहे. नर्स मुली एवढ्या गोड बोलायच्या की टेक्लाच्या जिभेला तेच वळण लागलं होतं. अकरा वर्षांनी मिळालेलं विरजण तिनं उंबऱ्यातच मारलं.

एडलानं वाडग्याकडे पाहिलं, मग टेक्लाकडे. तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"दवाखान्यात हेच शिकवतात वाटतं."

"मला कळलंच नाही कसं निघालं ते."

"आता हे घरी नेऊन उपयोग नाही."

"नाही."

"उद्या ये मग," एडला म्हणाली आणि दार उघडून धरलं.

तळ्याच्या कडेनं घरी येताना अर्ध्या वाटेवर टेक्लाच्या लक्षात आलं की एडलानं तिला 'ये' म्हटलं. ती थांबली. हातातलं मेलेलं विरजण सांभाळत उगाचच तिथल्या दगडावर जरा वेळ बसली आणि मग चालू लागली.

घरी वालफ्रिद चमचा पुढ्यात घेऊन तयार होता. टेक्लानं वाडगा मांजरापुढे ठेवला आणि सांगितलं की चुकून आभार मानले. वालफ्रिदनं चमचा खाली ठेवला. एवढं कारण त्याला पुरेसं होतं.

"एडलानं दिलं?" त्यानं विचारलं.

"दिलं. कॉफीही दिली."

त्यानं हवा आत ओढली आणि बराच वेळ टेबलाच्या लाकडातल्या गाठीवरून अंगठा फिरवत बसला.

दुसऱ्या दिवशी टेक्ला दाराजवळच्या बाकावर बसायला गेली तर एडलानं तिथे सुतळीची गुंडाळी आणि धुतलेले मोजे पसरून ठेवले होते. बसायला जागा नव्हती. टेक्ला टेबलापाशी जाऊन बसली. कॉफीचं तीनदा विचारून झालं, या वेळी पटपट, दोघींनाही घाई होती. मग टेक्लानं बशी खाली ठेवली. हे बोलल्याशिवाय दुसरा वाडगा घेणं तिला जमणार नव्हतं.

"आईच्या अंत्यविधीच्या दिवशी मला ऐकू आलं की चुलीवर सायीचं भांडं उतू जातंय," ती म्हणाली. "म्हणून वळले. पण नंतर लक्षात आलं होतं, एडला. पाद्री बोलत होता. सगळे गप्प होते. सगळ्यांच्या समोरून पुन्हा किटली घेऊन तुझ्यापर्यंत यायची मला लाज वाटली. म्हटलं, उद्या जाऊन सांगू. उद्या तू आली नाहीस, मीही गेले नाही."

एडला बोटानं मेणकापडावरचे साखरेचे कण गोळा करत होती.

"कॉफीचं काही नव्हतं गं," ती म्हणाली. "मला वाटलं, आई गेली, आता मी त्या घरची राहिले नाही. हिनं ते सगळ्यांसमोर सांगितलं."

"मला तसं सांगायचं नव्हतं."

"आता कळलं."

"मला फार वाईट वाटलं होतं. अजून वाटतं."

"मलाही," एडला म्हणाली. "तू दवाखान्यात गेलीस हे कळलं तेव्हा मी धुराड्याकडे बघत बसायचे. धूर निघाला की म्हणायचे, तो तरी आहे."

त्यावर दोघींनी थोडं रडून घेतलं, आपापल्या ॲप्रनमध्ये, एकमेकींकडे न बघता. मग एडलानं चौथा कप ओतला, जो आमच्याकडे सहसा कोणी ओतत नाही. वालफ्रिदच्या ओल्या लाकडांवर दोघी पोट दुखेपर्यंत हसल्या, टेक्लाला टाके सांभाळावे लागले. त्यानं विरजणाचा वाडगा सोड्यानं घासला हे ऐकल्यावर तर एडला टेबलावर डोकं टेकून हसली. लहानपणी याच भावानं आईचा साबण चीज समजून चावला होता, हे तिनं सांगितलं. हे टेक्लाला ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं सांगितलं नव्हतं.

निघताना एडलानं वाडगा भरून आणला. टेक्ला उंबऱ्यात उभी राहिली. बाहेर बर्चची पिवळी पानं रस्त्यावर पडली होती. आता हा वाडगा घेऊन गेलं की दही लागेल. दही लागलं की वाडगा घेऊन परत यायला काही कारण राहणार नाही. आमच्या गावात कारणाशिवाय कोणी कोणाकडे जात नाही, निदान कारण हातात धरावं लागतं. टेक्लानं एक पाय बाहेर टाकला, वळली आणि नणंदेच्या डोळ्याला डोळा भिडवून अगदी स्वच्छ म्हणाली, "आभारी आहे."

एडला क्षणभर बघत राहिली.

"पुन्हा म्हणालीस."

"म्हणाले खरं."

"मेलं हे."

"मेलंच. उद्या यावं लागेल."

एडलानं ओठांतून हवा आत ओढली आणि चटकन दार लावलं, हसू दिसू नये म्हणून.

त्यानंतर रोज टेक्ला रिकामा वाडगा घेऊन जायची आणि मेलेलं विरजण घेऊन यायची. मांजराचं पोट जमिनीला लागायला आलं. एकदा दोघी जुन्या जत्रेच्या गोष्टींत इतक्या रंगल्या की टेक्ला वाडगा घेऊन तशीच निघाली. एडलानं दार धरून ठेवलं.

"काही राहिलं का तुझं?" तिनं विचारलं.

टेक्लानं विचार केला. "अगं हो. आभारी आहे."

"अरेरे," एडला समाधानानं म्हणाली.

वालफ्रिद रोज संध्याकाळी दुकानातलं आंबट दूध खायचा. चालतंय म्हणणं त्यानं सोडलं होतं. टेक्लाला त्याच्याकडे बघून अपराधी वाटायचं. एकदा ती म्हणालीसुद्धा, की उद्या नक्की लावते, उद्या मुळीच तोंड उघडत नाही. वालफ्रिदनं भाकरीचा तुकडा मोडला.

"सावकाश," तो म्हणाला. "आईचं विरजण आहे. घाई केलेली तिला आवडायची नाही."

टेक्ला त्याच्याकडे बघत राहिली. त्याला सगळं ठाऊक होतं. सोड्याचंही कळलं असणार त्याला, कधीतरी मांजराकडे बघता बघता. तिनं उठून त्याच्या वाडग्यात लिंगोनची आणखी मूठभर फळं टाकली.

पण मायरोससाठी ट्रक येण्याचा दिवस काही त्यांच्या हातात नव्हता. आदल्या दिवशी टेक्ला गेली तेव्हा एडला गोठ्यात होती, गायीच्या मानेला हात लावून. धार टेक्लानं काढली. एडला पालथ्या बादलीवर बसून गायीशी बोलत राहिली, अगदी हलक्या आवाजात, आणि टेक्लानं ते ऐकलं नाही असं केलं. मग दोघी घरात आल्या. कॉफी झाली, पण गप्पा झाल्या नाहीत. एडलानं वाडगा आणून दिला आणि म्हणाली, "हे शेवटचं. माझ्याकडे आता ठेवायला दूध नाही."

टेक्ला उंबऱ्यात उभी राहिली. वाडगा दोन्ही हातांत घट्ट धरला होता. तिला जन्मात कोणाचे एवढे आभार मानावेसे वाटले नव्हते. विरजणाचे, तिसऱ्यांदा विचारल्याचे, बाकावर मोजे पसरून ठेवल्याचे. सगळं तोंडाशी आलं होतं. एडला तिच्या तोंडाकडे बघत होती, वाट बघत होती की काय कोण जाणे. टेक्लानं ओठ मिटून घेतले. मान हलवली आणि निघाली. तळ्याला वळसा घालून घरी येईपर्यंत तिनं तोंड उघडलं नाही. वाटेत हेल्मरनं बस हळू करून हात केला, त्यालाही तिनं उत्तर दिलं नाही.

सकाळी फडकं काढलं तर दही लागलं होतं. वालफ्रिदनं चमचा बुडवला, उचलला, आणखी वर उचलला. तार सुटली आणि तुटली नाही. त्यानं सगळा वाडगा एका बैठकीत संपवला, न बोलता, आणि मग रुमाल काढून मोठ्यानं नाक शिंकरलं. टेक्लानं पुढच्यासाठी चार चमचे काढून कोठीच्या फळीवर कोपऱ्यात झाकून ठेवले. वालफ्रिद दारापर्यंत मागे आला, ते कुठे ठेवते ते बघून गेला आणि हात पाठीमागे बांधून परत जाऊन बसला.

तळ्यापलीकडून ट्रकचा आवाज आला, थांबला, आणि थोड्या वेळानं घाटीच्या रस्त्यानं लांब गेला. टेक्ला खिडकीशी गेली. एडलाच्या धुराड्यातून धूर निघत नव्हता. तिनं चुलीकडे जाऊन किटली मागे सरकवली, परत खिडकीशी आली. धूर नव्हता. एवढ्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. वालफ्रिदही उठून तिच्या शेजारी उभा राहिला. जायचं का, टेक्लानं विचारलं, आणि तो बूट शोधायला लागला. काय कारण सांगायचं, वाडगा न्यायचा की नाही, असलं काही तिच्या डोक्यात आलं नाही.

बूट चढवायच्या आत दार उघडलं. एडला उभी होती, काठी टेकत, हातात दुधाची रिकामी कॅन. तळ्याला वळसा घालून आली होती, गुडघे दुखत असणार. डोळे सुजले होते. तिनं दाराजवळच्या बाकाकडे एकदा बघितलं. वालफ्रिद आणि टेक्ला दोघंही जागच्या जागी.

एडला बाकापाशी थांबली नाही. कॅन तिनं चुलीशेजारी ठेवली, कोपऱ्यातलं कपाट उघडलं, मागच्या रांगेत हात घालून आईचा निळ्या काठाचा कप काढला आणि चुलीवरच्या किटलीतून स्वतःच्या हातानं कॉफी ओतून घेतली. मग टेबलापाशी, भिंतीकडच्या आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली.

"आज मी चूल पेटवलीच नाही," ती म्हणाली. "साखर इकडे सरकव, वालफ्रिद."

तिला कोणी एकदाही विचारलं नव्हतं.